घडीच्या ऑर्गनची दुरुस्ती: ७ महिने, १८,५०० रुपये आणि ब्लिसची एक चाल

आधी हिशेब सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. आजोबांचा घडीचा ऑर्गन पुण्यातल्या एका पेटीवाल्याकडे दुरुस्तीला दिला होता. बोली २ महिन्यांची, लागले ७. बोली १२,००० रुपयांची, गेले १८,५००. नगर-पुणे खेपा ६, त्यातल्या ४ एसटीने आणि २ जावयाच्या गाडीने. गाडीच्या डिकीला जो ओरखडा पडला, तो विषय घरात अजून निघतो. ऑर्गन वाजतो का? वाजतो. पाचपैकी किती? साडेतीन. त्यातला अर्धा मिस्त्रीच्या स्वभावाचा, कामाचे तीनच. दुकानाचं नाव लिहीत नाही. पुढे त्याची एक फजिती सांगायची आहे, आणि माणूस मनाचा सरळ आहे.

आता वस्तू काय ते सांगतो. बंद असला की हा ऑर्गन म्हणजे लोखंडी कोपरे मारलेला लाकडी पेटारा. आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर १९ किलो भरला. कड्या काढल्या की पाय उघडतात, खाली दोन पायडल उतरतात आणि वर ४९ पट्ट्या, म्हणजे चार सप्तकं. भाता पायाने मारायचा, दोन्ही हात वाजवायला मोकळे. हे सुख काय असतं ते आयुष्यभर डाव्या हाताने भाता ओढणाऱ्याला विचारा. आजोबा उपदेशक होते, नेवासा-शेवगाव भागात गावोगाव फिरायचे. मिशनच्या मडमबाई मायदेशी परत जाताना हा त्यांच्या हवाली करून गेल्या. ते दमणीत घालून न्यायचे आणि चिंचेखाली मांडायचे. लोक यायचे ते ‘पायाची पेटी’ बघायला, आणि आलेच आहेत म्हणून प्रवचन ऐकून जायचे. पुढे चर्चमध्ये कीबोर्ड आला आणि ऑर्गन माळ्यावर गेला.

अशा वाद्यांमागे गावोगाव हिंडणाऱ्या गवयांची वाद्य सोबत नेण्याची अडचण आहे. शिकागोचा पीटर बिलहॉर्न स्वतः भक्तिगीतं रचायचा आणि सभांतून गायचा. त्याने १८८०च्या दशकात घडीचे ऑर्गन बनवून विकायला सुरुवात केली, आणि असे ऑर्गन मिशनऱ्यांनी जगभर नेले. आमच्या ऑर्गनवरची पितळी पाटी कुणीतरी कधीच मोडीत घातली, चार खिळ्यांची भोकं तेवढी राहिलीत.

माळ्यावरून उतरवला तेव्हा अवस्था अशी: भात्याचं रबरी कापड हात लावताच पापडासारखं तुटत होतं. पट्ट्यांखालचं लोकरीचं अस्तर उंदरांनी नेलेलं. एका सुराच्या (ज्या पितळी जिभेतून आवाज निघतो तिला पेटीवाले सूर म्हणतात) खाचेत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, आणि ते इतकं नेटकं की पाडताना वाईट वाटलं. पण सूर शाबूत होते. पितळेच्या ४९ जिभा, एकही तुटलेली नाही.

मिस्त्रीचं दुकान एका पेठेतल्या वाड्याच्या पडवीत आहे. सरसाचा वास, भिंतीला उघड्या पोटाच्या दहा-बारा पेट्या, आणि फोनवर सतत चालू असलेलं सूर मोजायचं ॲप. वय पस्तिशीचं असेल. वडिलांचाच धंदा, हात हलका. ऑर्गन उघडून त्याने पहिलं वाक्य टाकलं, “काका, हे जुने सूर काढून टाकू. पालिताण्याचे नवे घालतो, खणखणीत.”

मी म्हटलं, “सुरांना हात लावायचा नाही.”

पेटीचे सूर स्क्रूने पाटीवर बसवलेले असतात. या ऑर्गनचे तसे नाहीत, प्रत्येक सूर आपापल्या खाचेत सरकवलेला असतो आणि आकडीने बाहेर ओढावा लागतो. ती आकडी मी सोबत नेली होती. त्याने ती दोन बोटांत धरून पाहिली आणि खिशात टाकली. परत मागायची राहिलीच, आता ती त्याचीच.

चौथ्या महिन्यात फोन आला. “काका, तयार आहे. या.”

कुठलंही वाद्य घेताना मी एकच चाल वाजवून बघतो. इंग्रजी भक्तिगीताची आहे, ‘इट इज वेल विथ माय सोल’ (माझ्या जिवाचं सारं ठीक आहे) या गीताची. इंग्रजी गायनपुस्तकांत गीताचं नाव वेगळं आणि चालीचं वेगळं असतं. या चालीचं नाव ‘व्हिल दु हाव्र’, आणि ते एका बुडालेल्या जहाजाचं नाव आहे. कसं ते पुढे. परीक्षेला ती बरी का, ते आधी. एक तर ती संथ आहे. लांब धरलेल्या सुरांत भाता कुठे गळतो ते लगेच कळतं. दुसरं, दुसऱ्या ओळीच्या शेवटी साथीच्या कॉर्डमध्ये तीव्र मध्यम येतो, तिथे काळ्या पट्टीचा सूर कच्चा असेल तर उघडा पडतो. तिसरं ध्रुपद. बायका एक तुकडा म्हणतात, पुरुष तोच खालून परत देतात, पुन्हा बायका, पुन्हा पुरुष. एकट्याने वाजवायचं तर उजवा हात बायकांचा, डावा पुरुषांचा. खालच्या सप्तकाचे सूर उशिरा बोलणारे असतील तर पुरुषमंडळी झोपेतून उठून गातायत असं वाटतं.

पाटावर बसलो, पायडल मारले, पंचमावर बोट ठेवलं. काही नाही. आणखी मारले. भाता बेडकासारखा फुगला, आणि आतून एक घरघर आली, म्हातारं माणूस झोपेत कूस बदलतं तशी. मिस्त्री म्हणाला, “पाय जोरात मारा, नवीन आहे ना.” मी खाली वाकून भात्याच्या तोंडाशी तळहात धरला. वारं आत जात होतं.

आता हे पेटीवाल्यांसाठी सांगतो, कारण तुमच्याकडेही असा ऑर्गन येईल आणि हीच चूक होईल. आपली पेटी हवा ढकलते. भात्यातली हवा सुरातून बाहेर पडते आणि सूर बोलतो. हा ऑर्गन उलटा आहे, हवा ओढतो. पायडल मारलं की भात्यातली हवा बाहेर फेकली जाते, आत पोकळी होते, आणि बाहेरची हवा सुरातून आत खेचली जाते. आमच्या मिस्त्रीने चामड्याच्या झडपा नव्या घातल्या, सुंदर कापल्या, सुंदर चिकटवल्या, आणि जन्मभराच्या सवयीने पेटीसारख्या बसवल्या. सगळ्या उलट्या. वाद्य ओढायच्या ऐवजी ढकलत होतं.

त्याचा चेहरा उतरला. मला मात्र हसू आलं, आणि हसायचं कारण त्याला सांगावंच लागलं. मी ३४ वर्षं रेल्वेच्या पुलांवर काढली. हातोडी घेऊन रिव्हेटवर टकटक करायचं, दुसऱ्या बाजूला बोट धरायचं आणि कानाने ओळखायचं, घट्ट की ढिला. त्या नोकरीत पहिल्याच प्रशिक्षणाला एका पुलाची गोष्ट ऐकवली होती. त्या पुलावर ही चाल करणारा माणूस मेला हे मला फार नंतर कळलं. तोवर मी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून जगत होतो. चाल आजोबांची, पूल नोकरीचा.

चहा आला. मिस्त्री म्हणाला, “कोण माणूस?”

फिलिप ब्लिस. १८३८चा जन्म, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या जंगलपट्टीत, लाकडी खोपटात. बाप गाण्याचा वेडा, घरात दमडी नाही. दहा वर्षांचा असताना भाजी विकायला गावात गेला आणि एका घरातून कधी न ऐकलेला आवाज आला. पोरगं अनवाणी तसंच दिवाणखान्यात शिरलं. आयुष्यात पहिल्यांदा पियानो पाहिला. वाजवणारी मुलगी थांबली, तर म्हणाला, आणखी वाजवा ना. तिने त्या मळक्या मोठ्या पायांकडे पाहून हाकलून दिलं. (मिस्त्री इथे “च्यायला” म्हणाला.) अकराव्या वर्षी घर सोडून शेतांवर आणि लाकूडतोड्यांच्या तळावर कामाला लागला. जमेल तेव्हा शाळा, जमेल तिथे गाणं.

१८५९ मध्ये लूसी यंगशी लग्न केलं आणि सासरच्यांच्या शेतावर राबू लागला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या जेनेसीओला उन्हाळी संगीतशाळा भरणार होती, आणि फीला पैसे नव्हते म्हणून हा धिप्पाड गडी रडत बसला. बायकोच्या आजीने विचारलं, किती लागतात? ३० डॉलर. म्हातारीने जुना पायमोजा उपडा केला. त्यात ती वर्षानुवर्षं चांदीची नाणी टाकत आली होती. आपल्याकडे तांदळाच्या डब्यात असतात तशी. पैसे पुरले.

शाळा झाल्यावर तो फिरता गाणंमास्तर झाला. फॅनी नावाची म्हातारी घोडी आणि एक घडीचा मेलोडियन, म्हणजे आमच्या ऑर्गनचा चुलताच. हिवाळाभर गावोगाव जायचं, संध्याकाळी शाळेत लोकांना गोळा करायचं, सूर शिकवायचे. हे ऐकून मिस्त्रीने माझ्या पेटाऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, असं मला वाटलं. पुढे एकदा ब्लिसने शिकागोच्या रूट अँड कॅडी या संगीत प्रकाशकांना एक गाणं पाठवलं आणि विचारलं, याच्या बदल्यात एक बासरी द्याल का? त्यांनी दिली. मग नोकरीही दिली.

शिकागोत १८६९ साली त्याची ड्वाइट मूडी या प्रवचनकाराशी गाठ पडली. मूडी सांगायचा, ब्लिस त्यावर गीत करायचा. मूडीने एकदा ईरी सरोवरावरची हकीकत सांगितली. क्लीव्हलंड बंदरात रात्री एक जहाज शिरत होतं, दीपगृह जळत होतं पण किनाऱ्यावरचे खालचे दिवे विझलेले, वाट चुकली आणि जहाज फुटलं. ब्लिसने खालचे दिवे तेवत ठेवा असं गीत केलं. मेजर व्हिटल या मित्राने अमेरिकेच्या यादवी युद्धातली वेढ्याची गोष्ट सांगितली, त्यावर ‘होल्ड द फोर्ट’ झालं. ते इतकं चाललं की ब्लिसलाच त्याचा कंटाळा आला. आपली ओळख तेवढ्यावर राहू नये अशी त्याची इच्छा होती. गावी त्याचं स्मारक बांधलं तेव्हा त्यावर कोरलं काय? होल्ड द फोर्टचा कर्ता. १८७४ मध्ये त्याने बाकीचे धंदे सोडले आणि सभांतून गायचं एवढंच काम धरलं. त्याच वर्षी त्याचं ‘गॉस्पेल साँग्ज’ हे पुस्तक निघालं, आणि या सगळ्या प्रकाराला आज ‘गॉस्पेल’ हे जे नाव आहे ते रुळण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

आता जहाज. शिकागोत होरेशिओ स्पॅफर्ड नावाचे वकील होते, मूडीच्या वर्तुळातले. १८७१च्या मोठ्या आगीने शिकागो जळालं, त्यात त्यांचंही नुकसान झालं. १८७३ मध्ये बायको ॲना आणि चार मुलींना त्यांनी युरोपला पुढे पाठवलं, स्वतः कामासाठी मागे राहिले. २२ नोव्हेंबरला भर अटलांटिकमध्ये ‘व्हिल दु हाव्र’ची ‘लॉक अर्न’ या जहाजाशी टक्कर झाली. २२६ माणसं बुडाली, चारही मुली त्यांत. ॲना वाचली. वेल्समधल्या कार्डिफहून तिने नवऱ्याला तार केली, तिची सुरुवात ‘सेव्ह्ड अलोन’, म्हणजे ‘एकटीच वाचले’, अशी होती.

वॉट्सॲपवर ही गोष्ट फिरते ती अशी की स्पॅफर्ड बायकोला आणायला निघाले, जहाज नेमकं त्याच जागी आलं, आणि तिथेच त्यांनी गीत लिहिलं. स्पॅफर्डांच्या घरची आठवण तशी आहे खरी. पण मूडीचा साथीदार गवई सँकी याने लिहून ठेवलंय की आम्ही १८७६ मध्ये स्पॅफर्डांकडे पाहुणे होतो तेव्हा त्यांनी ते लिहिलं. मला सँकीचीच गोष्ट पटते, आणि जास्त भारी वाटते. बुडालेल्या जागेवर कुणालाही शब्द फुटतील. तीन वर्षांनी, घरात पाहुणे असताना, त्या खोल्यांतून हिंडताना ते लिहिणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात कमी झालेल्या माणसाची खुर्ची तशीच पडून आहे त्याला कळेल.

चाल ब्लिसने केली, आणि नाव दिलं त्या जहाजाचं. २४ नोव्हेंबर १८७६ला शिकागोच्या फारवेल हॉलमध्ये धर्मोपदेशकांच्या मोठ्या सभेत त्याने ती पहिल्यांदा गायली.

“बरोबर पाच आठवडे,” मी मिस्त्रीला म्हटलं. “२९ डिसेंबरला पूल पडला.”

नाताळ पेनसिल्व्हेनियातल्या रोम नावाच्या खेड्यात झाला. रविवारी शिकागोत मूडीच्या सभेत गायचं होतं. दोन लहान मुलगे मागे ठेवून नवराबायको निघाले. संध्याकाळचे साडेसात, ईरी सरोवराकाठचं ॲशटाब्युला गाव, हिमवादळ. पॅसिफिक एक्सप्रेस, दोन इंजिनं, ११ डबे. पहिलं इंजिन, त्याचं नाव सॉक्रेटिस, पलीकडच्या भिंतीला लागतं न लागतं तोच खालून पूल गेला. ड्रायव्हरने वाफ पुरी सोडली म्हणून तेवढं एक निसटलं. बाकी सगळी गाडी सुमारे ७० फूट खाली, गोठलेल्या नदीत. डब्यांतून शेगड्या आणि तेलाचे दिवे होते, आग लागली. ९२च्या आसपास माणसं गेली. ब्लिस खिडकीतून सुटला होता पण बायको अडकली म्हणून परत आत गेला, असं एका वाचलेल्या प्रवाशाने सांगितलं. दोघांचाही देह ओळखता आला नाही. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना गावातच एकत्र पुरलं आणि १८९५ साली तिथे खांब उभारला. ब्लिसचं वय ३८.

आता पूल, इथे मी जरा थांबणार, माफ करा. लाकडी पुलाची एक पद्धत होती, विल्यम हाऊ याच्या पेटंटची. तिरके दांडे दाब घेतात, उभ्या सळया ताण घेतात. लाकडात उत्तम. रेल्वेचे अध्यक्ष अमासा स्टोन हे हाऊचे मेहुणे. १८६५ मध्ये त्यांनी हट्टाने तोच नमुना सगळाच्या सगळा लोखंडात उतरवला. जोसेफ टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने विरोध केला, त्याला काढून टाकलं. लोखंडाचा लांब तिरका दांडा स्वतःच्या वजनाने आधीच दमलेला असतो, त्यात वरून गाडी. आणि खरी गंमत पुढे आहे. ते दांडे म्हणजे आय-बीम, इंग्रजी I अक्षराच्या आकाराचे, आणि बसवताना ते आडवे बसवले. आय-बीम उभा असला तर हत्ती पेलतो, आडवा पाडला की पट्टीसारखा वाकतो. खालचा आधार काढताच पूल बसायला लागला. मग दांडे वाढवले, बीम पुन्हा फिरवून उभे केले, ठोकून-ठाकून जमवलं आणि गाडी सुरू केली. अकरा वर्षं चाललं. नंतरच्या अभ्यासकांनी शोधून काढलं की सांध्याच्या ओतीव ठोकळ्यात ओततानाच एक पोकळी राहिली होती, तिच्यापासून तडा हळूहळू वाढत गेला. वरून रंग होता. लाइनचा मुख्य अभियंता चार्ल्स कॉलिन्स चौकशीत साक्ष देऊन आला आणि थोड्याच दिवसांत गोळी लागून मेलेला सापडला. पुलांची तपासणी त्याच्याकडे होती. मी नोकरीत असताना या माणसाचा विचार पुष्कळदा केलाय, विशेषतः पावसाळ्यात रात्री फोन वाजला की.

मिस्त्री बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे त्यांचे बीम आडवे, आमच्या झडपा उलट्या.”

“तुझ्या उलट्या झडपांनी कोणी मेलं नाही.”

त्याने तिथल्या तिथे भाता फोडला. गरम पाण्याचा फडका लावून सरस सोडवला आणि आठच्या आठ झडपा फिरवल्या. रात्री नऊ वाजले, शेवटची एसटी गेली, त्याच्याच घरी जेवलो. त्याच्या आईने पिठलं-भाकरी केली होती. अर्धा गुण तो हाच.

पण त्यानंतरही तीन महिने का लागले? रेक्झिन. रबरी कापड मिळेना म्हणून त्याने भात्याला रिक्षाच्या सीटचं रेक्झिन लावलं. दिसायला झकास. घडी पडली की कड्क वाजतं, आणि थंडीत कडक होऊन कोपऱ्यात गळतं. मी सांगून काढायला लावलं, मग रबरी कापड मुंबईहून मागवलं, ६,५०० वाढले ते तिथे. पायडलच्या पट्ट्यांना मात्र त्याने खाटेची निवार लावलीय आणि ती मूळच्यापेक्षा सरस आहे. पट्ट्यांखालचं लोकरीचं अस्तर पैकीच्या पैकी, उंदरांनी आता दुसरं घर बघावं.

तक्रार एकच, पण मोठी. सुरांना हात लावू नको सांगूनही याने सगळे ४९ सूर उतरवले. जुना ऑर्गन आजच्या कीबोर्डपेक्षा चढा बोलत होता, ते ॲपवर त्याला सहन झालं नाही. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. याने मुळाशी खरवडले, न विचारता, ४९ वेळा. मी चिडलो. तो म्हणाला, “काका, चर्चमधल्या कीबोर्डबरोबर वाजवायचाय ना?” आणि ते खरं आहे. आता आमचे तरुण गायकवृंद त्याच्यासोबत गाऊ शकतात, आधी कधीच शक्य नव्हतं. म्हणून या मुद्द्यावर गुण किती कापायचे हे माझं अजून ठरलेलं नाही. पण खालच्या सप्तकातला गंधार तेव्हापासून उशिरा बोलतो. बोट ठेवल्यावर अर्ध्या मात्रेने जागा होतो, आणि बोलला की जरा थरथरतो.

घरी आणल्यावर आजोबांची वही काढली. आमच्या पदांच्या दोन जाती आहेत. एक रेव्हरंड टिळकांसारख्यांची अभंग-ओवीच्या वळणाची, गावची माणसं टाळ घेऊन म्हणतील अशी. दुसरी विलायती चालींवर बसवलेली. टिळकांच्या पंगतीतली जास्त जिवंत वाटतात असं माझं मत, आणि ते पाळकसाहेबांना मान्य नाही. विलायती चालीत मराठी शब्द बसवणं फार अवघड जातं. या चालीच्या ओळी ११, ८, ११, ९ अशा अक्षरांच्या. मोजायला काय, अभंगाचे सहा-सहा-सहा-चार आपण मोजतोच. अडतं ते आघाताला. चाल जिथे जोर देते तिथे मराठी शब्दाचं शेपूट येतं, आणि ‘देवाचा’चं ‘देवाऽऽऽचा’ होऊन बसतं. आजोबांनी हे गीत मराठीत करायचा प्रयत्न केला होता. कडवी खोडून खोडून शाई फुटलेली, एकही पुरं नाही. पण ध्रुपदाचा जो तुकडा बायका म्हणतात आणि पुरुष परत देतात, तिथे त्यांनी दोनच शब्द लिहिले होते आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

सर्व क्षेम.

जुनी पत्रं ज्यांनी वाचलीत त्यांना सांगायला नको. इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे. कोणी मेलं असेल तर तार यायची, पत्र हे याच शब्दांनी सुरू व्हायचं. घरात दोन महिने दाणा नसला तरी आजीची पत्रं याच ओळीने सुरू झालेली मी वाचली आहेत. कार्डिफच्या तारेला शिकागोहून पत्राने उत्तर द्यावं, तसे ते शब्द त्या चालीत बसलेत.

रविवारी संध्याकाळी वाजवलं. हिने बायकांचा भाग म्हटला, सर्व क्षेम. मी खालचा दिला, आणि गंधार नेहमीप्रमाणे अर्ध्या मात्रेने मागे राहिला. ही म्हणाली, आजोबा पण असेच मागे राहायचे, दम्यामुळे. मला ते आठवत नव्हतं.

वाजवलेलं फोनवर घेऊन मिस्त्रीला पाठवलं. रात्री अकराला त्याचा उलट निरोप: “काका गंधाराच्या मुळाशी थोडी कल्हई चढवून बघू. चाल भारी आहे, आईला पण ऐकवली.” मुळाशी कल्हई चढवली तर सूर चढणार, मग परत उतरवायला टोकाला वजन. हे मी त्याला कळवलंय. तुमच्यापैकी कुणाकडे असा ऑर्गन असेल आणि पुण्यात द्यायचा असेल तर दुकानाचा पत्ता खासगीत देईन, फक्त तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: झडपा ओढायच्या बाजूने, रेक्झिन नाही, आणि सुरांना विचारल्याशिवाय कानस लावायची नाही.

गंधारासाठी सातवी खेप दिवाळीनंतर. एसटीने.